इमुनची डेग: शंभरी ओलांडलेलं कोरियन हॉटेल कुणाचं, आणि ते कशावर चाललं

प्रश्न असा आहे: सोलमधलं इमुन सल्नोंगथांग हे कोरियातलं सर्वांत जुनं हॉटेल, एकाच घराण्यानं शंभराहून जास्त वर्षं चालवलेलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हे खरं का? इतक्या वर्षांत चव कशी टिकली? आणि तिथला हाडामांसाचा रस्सा घरी जमेल का?

हॉटेल जुनं आहे, ते खरं. घराणं मात्र तिसरं आहे. सुरुवात सहसा 1904 सालची धरतात. 1902 आणि 1907 ही सालंही छापलेली दिसतात. सुरू करणारा होंग आडनावाचा गृहस्थ. त्याच्याकडून ते यांग आडनावाच्या माणसाकडे गेलं आणि 1960 मध्ये सध्याच्या मालकांच्या आईनं विकत घेतलं. 1981 पासून मुलगा बघतो. म्हणजे आजच्या कुटुंबाच्या दोनच पिढ्या, पण त्याही साठ वर्षांच्या वर. एकाच रक्ताच्या सलग पिढ्या बघायच्या असतील तर दक्षिणेकडच्या नाजू गावातलं हायान्जिप बघावं. नावाचा अर्थ ‘पांढरं घर’, सुरुवात 1910 ची, चौथी पिढी गल्ल्यावर आहे. सोलमध्येच 1937 चं चंगजिनोक तिसऱ्या पिढीकडे आहे. 1939 चं हादोंगग्वान मात्र पुन्हा हात बदललेलं.

हा फरक मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इमुनमध्ये मालक बदलले, इमारत बदलली, देशाचं राज्य बदललं. रात्रभर डेगीत हाडं उकळायची आणि सकाळी वाडगे भरायचे, हा क्रम बदलला नाही. ज्यानं हॉटेल घेतलं त्यानं पाटीबरोबर तो क्रमही घेतला. वारसा मोजायचा तर तिथून मोजावा.

‘इमुन’ म्हणजे वस्तीच्या तोंडाशी असलेली वेस. जोंगनो भागातल्या अशा वेशीजवळ हे हॉटेल होतं, म्हणून नाव पडलं. पदार्थाचं, म्हणजे गुरांच्या हाडामांसाच्या रश्श्याचं, रूढ नाव सल्लंगथांग. या हॉटेलच्या पाटीवर ‘सल्नोंगथांग’ हे जुनं वळण टिकलंय. नावाच्या उगमाची एक गोष्ट फार सांगतात: जोसन राजघराण्याच्या काळात राजा ‘सन्नोंगदान’ वेदीवर शेतीच्या देवाची पूजा करून स्वतः नांगर धरायचा आणि मग जमलेल्यांना बैलाच्या मांसाचा रस्सा वाटला जायचा. गोष्ट गोड आहे. पण मंगोल भाषेत मांसाच्या रश्श्याला जो ‘शुलेन’ शब्द आहे त्यावरून हे नाव आलं, हे मत मला जास्त पटतं. स्वयंपाकघरातले शब्द राजाच्या पूजेतून कमी आणि खाटकाच्या ओट्यावरून जास्त येतात.

खाटकाचा ओटा इथे महत्त्वाचाच आहे. जोसन समाजात जनावरं कापणाऱ्या बेकजंग लोकांना अस्पृश्यासारखं वागवत. 1894 च्या सुधारणांनी कायद्यातला दर्जा गेला, व्यवहारातला गेला नाही. 1923 मध्ये जिंजू शहरात त्यांना समतेसाठी चळवळ उभी करावी लागली. मांसाचे चांगले तुकडे विकले गेल्यावर खाटकाकडे मुंडी, खूर, गुडघे, नळ्या, तिल्ली, जीभ उरायची. ते सगळं मोठ्या डेगीत टाकून रात्रभर उकळलं की स्वस्तात पोटभर रस्सा व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलमध्ये अशा रश्श्याची दुकानं भराभर निघाली. उच्चकुलीनांना चव हवी असायची, पण त्या बाकावर मजुरांच्या मांडीला मांडी लावून बसायची लाज वाटायची. म्हणून घरपोच मागवणं सुरू झालं. 1920-30 च्या दशकांत एका हातानं सायकल आणि दुसऱ्या हातानं खांद्यावर वाडग्यांची लाकडी फळी सावरत जाणारी पोरं ही शहराची ओळख होती. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा सोन की-जंग इमुनचा नेहमीचा गिऱ्हाईक होता, असं सांगतात.

इमुनच्या वाडग्यात आजही तिल्लीचा पातळ काप आणि जिभेचं मांस येतं. नव्या दुकानांनी ते कधीच काढून टाकलं; त्यांच्याकडे मुख्यतः छातीचं मांस असतं. तिल्ली कापली की काळपट जांभळी दिसते आणि जिभेवर थोडी भुकटीसारखी, लोखंडाच्या चवीची लागते. पहिल्यांदा खाणारा दचकतो. पण ती ताजीच लागते, एका दिवसात वास धरते, त्यामुळे ती वाडग्यात ठेवायची तर खाटकाशी रोजचा व्यवहार पाहिजे. सोलचा माजांग-दोंग कत्तलखाना 1961 ते 1998 शहरातच होता. तो बंद झाल्यावरही तिथला मांसबाजार राहिला. जुन्या हॉटेलांची खरी पुंजी म्हणजे या बाजारातली ओळख. पाककृती कुणीही लिहून घेईल, पण पहाटे चांगली तिल्ली बाजूला काढून ठेवणारा माणूस लिहून घेता येत नाही.

कोरियात अशा जुन्या दुकानांना ‘नोफो’ म्हणतात. जपानीत हीच चिनी अक्षरं ‘शिनिसे’ अशी वाचतात. जपानात शेकडो वर्षांची दुकानं आहेत, कोरियात शंभरीचं हॉटेल शोधावं लागतं. 1910 ते 1945 जपानी सत्ता, 1950 ते 1953 युद्ध, त्यात सोल चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. त्यानंतर दुसरीच अडचण आली: पैसा मिळवलेला हॉटेलवाला पोराला शिकवून कचेरीत पाठवायचा, कारण रश्श्याच्या धंद्याला मान नव्हता. उरलेल्यांना पुनर्विकासानं गाठलं. इमुनची दोन मजली लाकडी इमारत गोंगप्यंग-दोंगमध्ये होती, 2011 मध्ये हॉटेल जवळच्या ग्यनजी-दोंगमध्ये हललं. हादोंगग्वान 2007 मध्ये म्यंगदोंगला गेलं, चंगजिनोकला 2008 मध्ये जागा सोडावी लागली. सरकारला कळवळा उशिरा आला: सोल महापालिकेची ‘भावी वारसा’ यादी 2013 ची, आणि लघुउद्योग मंत्रालयाची ‘बेंगन्यन गागे’, म्हणजे शंभर वर्षांची दुकानं, ही योजना 2018 ची. तिला तीस वर्षं पुरी झालेलं दुकानही चालतं, तेव्हा दारावर ती पाटी दिसली म्हणून शंभरी धरू नये.

वाडग्यातही इतिहास आहे. रश्श्यात आज गव्हाच्या बारीक शेवयांची एक गुंडाळी असते. ती जुनी नाही. 1960 आणि 70 च्या दशकांत तांदूळ कमी पडायचा, म्हणून सरकारनं गहू आणि भरडधान्य खायची सक्ती केली. बुधवारी आणि शनिवारी हॉटेलांत दुपारी भात विकायला बंदी होती. भाताच्या रश्श्यात शेवया घालायचा हुकूम तेव्हाचा. हुकूम गेला, शेवया राहिल्या. स्टीलची झाकणाची भातवाटी तशीच. 1976 मध्ये सोलच्या हॉटेलांना तिचं माप ठरवून दिलं: व्यास साडेदहा सेंटिमीटर, उंची सहा. आजही वाटी जवळपास त्याच मापाची मिळते.

आता रस्सा. आधी एक गैरसमज काढतो. ‘शंभर वर्षं न विझलेली डेग’ अशी काही गोष्ट सल्लंगथांगमध्ये नसते. हाडातला चिकट अंश दोन-तीन उकळ्यांत संपतो. पुढे चव पातळ आणि मातकट होत जाते. हाडं रोज नवी, डेग रोज घासलेली. इमुनमध्ये एक डेग सोळा-सतरा तास उकळते, म्हणजे आदल्या दुपारी-संध्याकाळी चढवलेली दुसऱ्या दिवशी वाढायची.

घरी सोळा वाडग्यांसाठी: दोन किलो नळ्या, पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करून, एक किलो गुडघे आणि खूर, दीड किलो छातीचं मांस. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल, वळू यांच्या कत्तलीला 2015 पासून बंदी आहे, तेव्हा इथे करणाऱ्यानं म्हशीची हाडं घ्यावीत. बोकडाच्या पायांचाही चिकट रस्सा होतो, चव वेगळी येते आणि वेळ निम्मा पुरतो.

हाडं थंड पाण्यात आठ ते बारा तास भिजवा, आपल्या हवेत फ्रिजमध्येच, आणि पाणी तीन-चार वेळा बदला. शेवटचं पाणी जवळपास नितळ हवं. मग भरपूर पाण्यात घालून उकळी आल्यावर पंधरा मिनिटं खळखळू द्या. वर करडी मळी येते. ते सगळं पाणी ओता, एकेक हाड नळाखाली धरून खाचांमधलं साकळलेलं रक्त बोटानं काढा, पातेलंही घासा. रस्सा करडा झाला अशी तक्रार दहांतल्या नऊ वेळा इथे चुकलेली असते. पुढे कितीही मळी काढली तरी उरलेलं रक्त रश्श्यात विरघळून बसतं.

नंतर दहा लिटर ताजं पाणी घालून मोठ्या आचेवर चढवा. फ्रेंच पद्धतीचा मंद आचेचा स्टॉक शिकलेले लोक इथे अडखळतात. सल्लंगथांग रटरट उकळायलाच हवा. हाडातली चरबी उकळीच्या धक्क्यांनी बारीक बारीक थेंबांत फुटते, कूर्चेतून सुटलेलं जिलेटिन त्या थेंबांना वेढून पुन्हा एकत्र येऊ देत नाही, आणि त्या थेंबांवर उजेड विखुरला की रस्सा दुधाळ दिसतो. मंद आचेवर तेवढ्याच वेळात चव येईल, पण रंग पाण्यासारखा आणि वर तेलाचा तवंग. पहिल्या तासात वर येणारी जाड चरबी मात्र काढत राहायची, नाहीतर ओठ चिकटतात. पाणी कमी झालं तर उकळतंच घालावं. थंड पाणी घातलं की उकळी बसते आणि चरबी वर तरंगू लागते.

पहिली उकळ सहा तास. मांस थंड पाण्यात तासभर भिजवून शेवटच्या दोन तासांत सोडा. टोचलेली काडी सहज गेली की लगेच काढा. ते डेगीत विसरलं की धाग्यांचा चोथा होतो. शेवटच्या तासाला मुळ्याचा एक मोठा तुकडा आणि पातीच्या कांद्याची पांढरी मुळं चालतील. आलं-लसूण भरमसाट घालू नका. ज्याला वास मारायला मसाला लागतो त्याची हाडं नीट धुतलेली नाहीत. रस्सा गाळून घ्या, त्याच हाडांवर सात लिटर पाणी घालून पाच-सहा तासांची दुसरी उकळ, मग सहा लिटरची तिसरी. दुसरी सहसा सर्वांत पांढरी निघते. चौथी काढू नये. तिन्ही एकत्र करून आटवत साधारण आठ लिटरवर आणा. उकळी वेगवेगळ्या वाढल्या तर एक वाडगा घट्ट आणि दुसरा पाणचट लागतो; मिसळण्यानंच चव रोज सारखी राहते, आणि जुन्या हॉटेलांचं नाव त्या सारखेपणावर आहे.

प्रेशर कुकरचं विचारलं जातं. कुकरमध्ये जिलेटिन दोन तासांत सुटतं, पण आत दाबाखाली खळखळ होत नाही, म्हणून रस्सा बराचसा नितळ निघतो. झाकण काढून मोठ्या आचेवर तीस-चाळीस मिनिटं रटरटवला की पांढरा होतो. खोली सोळा तासांच्या रश्श्याची येत नाही, पण घरच्यासाठी वाईट नाही. दूध किंवा कॉफीची क्रीम पावडर घालून पांढरा करणं मात्र फसवणूक आहे, कोरियातही ती झालेली आहे. तपासायचं असेल तर वाडगाभर रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवा: खरा असेल तर सकाळी थरथरणारी जेली होते. आणि झगझगीत पांढरा म्हणजे उत्तम, असंही नाही. इमुनचा रस्सा फिका, किंचित करडा आणि पातळ दिसतो, कारण त्यात मुंडी आणि मांसाचा वाटा मोठा आहे.

डेगीत मीठ अजिबात घालत नाहीत. रस्सा दिवसभर आटत राहतो. सकाळी बेताचं घातलेलं मीठ दुपारी खारट होईल. मीठ, मिरपूड आणि चिरलेली पात टेबलावर असते. अर्ध्या लिटरच्या वाडग्याला सुमारे चार ग्रॅम मीठ पुरतं, पण आधी दोनच घाला, बाकीचं मुळ्याच्या किमचीतून येतं.

मग थोर्यम. मातीच्या जाड वाडग्यात, तुकबेगीत, गार झालेला मोकळा भात आणि शेवया घ्यायच्या, वर मांसाचे आडव्या धाग्यांवर कापलेले दोन-तीन मिलिमीटरचे काप. उकळता रस्सा डावानं ओतायचा, डावाच्या पाठीनं भात अडवून तो परत डेगीत उलटायचा, पुन्हा ओतायचा. तीन ते पाच वेळा. भात गरम ठेवायची यंत्रं नव्हती तेव्हा गार भात आतपर्यंत तापवायची ही युक्ती होती. गार भाताचं पिष्ट आवळलेलं असतं, म्हणून दाणा रश्श्यात फुटत नाही. आपला फोडणीचा भात आदल्या दिवशीच्या भाताचा मोकळा होतो, त्याचंही कारण हेच. ताज्या वाफाळत्या भातावर हे केलं की पेज होते आणि रस्सा गढूळतो. थोर्यम केलेला वाडगा तोंड न भाजता लगेच खाता येतो. उकळता फसफसणारा वाडगा आणून आपटणं हा नंतरचा देखावा आहे.

रश्श्याइतकंच गिऱ्हाईक काक्दुगीवर, म्हणजे मुळ्याच्या किमचीवर, टिकतं. दोन किलो जाड मुळा, तीन सेंटिमीटरच्या फोडी, चाळीस ग्रॅम जाडं मीठ, चाळीस मिनिटं. पाणी निथळा, धुवू नका. ऐंशी ग्रॅम गोचुगारू, म्हणजे कोरियन भरड लाल मिरची, आधी एकटीच चोळा म्हणजे रंग बसतो. मग साठ ग्रॅम सेउजत, म्हणजे खारवलेली आंबवलेली बारीक कोळंबी, पन्नास ग्रॅम लसूण, दहा ग्रॅम आलं, वीस ग्रॅम साखर आणि पात. गोचुगारू नसेल तर बिया काढलेली ब्याडगी भरड कुटून घ्या. बारीक लाल तिखटानं लगदा होतो. सेउजतऐवजी जवळा घालू नका, तो नुसता सुकवलेला असतो, आंबवलेला नसतो. त्याऐवजी चाळीस मिलिलिटर फिश सॉस घाला आणि थोडं मीठ वाढवा. आपल्या उन्हाळ्यात बारा-पंधरा तास बाहेर, हिवाळ्यात एक दिवस, मग फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस. उन्हाळी मुळा कडू आणि जाळीदार असतो, डिसेंबर-जानेवारीचा घ्यावा. आंबलेलं लाल पाणी टाकू नका. अर्धा वाडगा संपल्यावर ते दोन-तीन चमचे रश्श्यात ओततात आणि चरबीची जड चव एकदम हलकी होते.

उरलेला रस्सा हा घरी सर्वांत धोक्याचा टप्पा. मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं तर मध्यभाग तासन् तास कोमट राहतो, आणि उकळूनही न मेलेले जंतूंचे बीजाणू त्यात वाढतात. उथळ भांड्यांत वाटून, बर्फाच्या पाण्यात ठेवून दोन तासांत एकवीस अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत पाच अंशांखाली न्या. फ्रिजमध्ये तीन दिवस, गोठवून तीन महिने.

सोलला जाणारच असाल तर भिंतीवरची मूळस्थानाची पाटी वाचा. 2008 पासून हॉटेलांना ती मोठ्या प्रमाणावर सक्तीची झाली. हाडं आणि मांस कुठलं, हे त्यावर वेगवेगळं लिहिलेलं असतं. ‘कोरियन’ एवढंच असेल तर जनावर कोरियात वाढलेलं, पण दुभत्या जातीचंही असू शकतं. ‘हानू’ लिहिलं असेल तरच देशी जातीचं. हादोंगग्वानला जायचं तर दुपारच्या आत जा, दिवसाचा रस्सा संपला की ते बंद करतात. तिथला गोमथांग, आणि नाजूचाही, मुख्यतः मांसाचा नितळ रस्सा आहे, तो पांढरा नाही म्हणून परत करू नका. इमुनमध्ये तिल्ली नको असेल तर मागवतानाच सांगा.